दूधसागरच्या रानात जायचे तर

आपल्या औराद तालुक्यातून गोव्याला जाणारे गट काही नवे नाहीत. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला माणसे जातात, समुद्र पाहतात, काजूची पुडी घेतात आणि परत येतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात तेथे दहा वर्षांनी येणारा दर्शनसोहळा झाला, तेव्हाही आपल्या बाजूची पुष्कळ मंडळी गेली. जाताना अनमोड घाट त्यांनी रात्री झोपेत ओलांडला आणि येतानाही झोपेतच ओलांडला. त्या घाटातले रान हे एक राष्ट्रीय उद्यान आहे, आणि शेतकऱ्याने समुद्राइतकेच तेही पाहण्याजोगे आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते रान कसे पाहावे, केव्हा पाहावे आणि तेथून दुखणे घेऊन घरी कसे येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

या रानाचे नाव भगवान महावीर राष्ट्रीय उद्यान. लोक त्याला मोले म्हणतात, कारण घाट उतरल्यावर पहिले गाव मोले लागते. १९६९ साली येथे अभयारण्य झाले आणि १९७८ साली त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून वेगळा काढला. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक गुरे राखणाऱ्या माणसाला लगेच कळेल. अभयारण्यात जवळच्या गावांचे काही हक्क सरकार चालू ठेवू शकते. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, मोळी आणता येत नाही, कुऱ्हाड नेता येत नाही. तेथे आपण पाहुणे. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, म्हणजे अर्धे प्रश्न सुटतात.

आता एक गंमत सांगतो. डोंगरात जायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चढण येते. पण आपण राहतो तेच मुळी पठारावर, समुद्रापेक्षा पाचशे-सहाशे मीटर उंच. औरादहून बेळगावपर्यंत गाडी पठारावरूनच जाते. अनमोड ओलांडले की हे पठार एकाएकी तुटते आणि रस्ता वळणे घेत खाली कोकणात उतरतो. आपला सह्याद्री म्हणजे भिंत नव्हे, ओट्याची कड आहे. दूधसागर धबधबा हा त्याच कडेवरून सांडणारे पाणी. त्याची एकूण उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांवर, आणि पाणी चार टप्प्यांत खाली येते. तेच पाणी पुढे मांडवीला मिळून पणजीजवळ समुद्रात जाते.

या कडेमुळेच आपल्या शेताचे नशीब ठरते. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या कडेला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच पाणी टाकतात. मोलेच्या रानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कड ओलांडून वारे पठारावर आले की त्यांच्यात फारसे उरत नाही. विजयपुऱ्याकडे जमीन कोरडी दिसते ती यामुळे. आपल्या बीदरला साडेआठशेच्या आसपास मिळतो, त्यातला काही भाग बंगालच्या उपसागराच्या बाजूने येतो, म्हणून आपले मूग-उडीद तरतात. बीदर ते मोले हा प्रवास दिवसाउजेडी केला तर हा सारा धडा खिडकीतून वाचता येतो. काळी जमीन, मग तांबूस माळ, मग खानापूरकडची भाताची खाचरे, आणि मग एकदम सूर्य न दिसणारे रान.

दुसरी ओळखीची गोष्ट तेथील दगड. बीदरचा तांबडा दगड आपण जन्मापासून पाहतो. नौबादचा जुना कारेझ याच तांबड्या थराखाली पाझरणारे पाणी गोळा करण्यासाठी खोदला होता. गोव्यात घरे बांधतात तो चिरा याच जातीचा दगड आहे. मग आपल्याकडे माळ उघडा आणि तेथे एवढे रान कसे? उत्तर मातीत नाही, मातीवरच्या पाल्यात आहे. तेथील माती फार कसदार नाही. पावसाने तिच्यातले सत्त्व धुऊन जाते. पण पडलेले पान कुजते, त्यातले सत्त्व वरच्या वर मुळे शोषून घेतात आणि पुन्हा पान होते. पालापाचोळा काढला की दोन-चार पावसाळ्यांत खाली उघडा चिरा राहतो. बांधावर पाचट जाळणाऱ्या आपल्या बंधूंनी हा पाला काठीने उकरून पाहावा. हाताने मात्र नको, त्याचे कारण पुढे येते.

केव्हा जावे, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. पावसाळ्यात धबधबा सर्वांत मोठा असतो, पण तेव्हा कुळे गावातून जाणाऱ्या जीपगाड्या बंद असतात. ओढे गाड्या वाहून नेतील एवढे भरलेले असतात. जीपा साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि मेअखेर चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भरपूर असते. जानेवारीनंतर ते ओसरते, आणि एप्रिल-मेमध्ये हजार फुटांच्या कड्यावर पांढरी रेघ तेवढी उरते. शिवाय तेव्हाची दमट उष्णता आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला झेपत नाही. घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो.

शेतकऱ्याला सवड मात्र उलट्या वेळी मिळते. सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरात. तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलावर येते, आणि फुलाला घाटेअळी लागते. तिची राखण डिसेंबरपर्यंत. मग काढणी, मग ज्वारी. खरी मोकळीक मार्चनंतर, म्हणजे धबधबा आटल्यावर. आणि डिसेंबर ते मे हा काळ त्या रानातील गोचिडांचाही असतो.

या तिन्ही गोष्टींचा मेळ घालून माझे मत असे आहे की आपल्या तालुक्यातील माणसाने नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा. हरभरा पेरून झालेला असतो आणि त्याची कोळपणी पेरणीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी येते. मधले दोन आठवडे त्याला आपली गरज नसते. अडचण राहते ती तुरीची. म्हणून निघण्याआधी तूर नीट फिरून पाहावी, कामगंध सापळे लावलेले असावेत, फवारणी लागणार असेल तर ती करूनच निघावे. घरातल्या एका जाणत्या माणसाने मागे राहावे. चार दिवसांत अळी शेत खात नाही, पण आठ दिवसांत खाते. तेव्हा सहल चार दिवसांचीच आखावी. “एवढे आलोच आहोत तर” म्हणून ती लांबवू नये. दुभत्या जनावरांची सोय शेजाऱ्याकडे आधी बोलून ठेवावी. देवणी गाय परक्या हाताला पान्हा चोरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी शेजारणीला चार दिवस आधीपासून गोठ्यात येऊ द्यावे.

ज्यांना मुलांच्या सुटीमुळे मे महिन्यातच जाणे शक्य आहे, त्यांनी धबधब्याची आशा कमी ठेवावी आणि रान पाहायला जावे. ते तेव्हाही हिरवेच असते.

रस्ता असा. औरादहून बीदर, बीदरहून कलबुर्गी, विजयपुरा, बेळगाव, खानापूर आणि अनमोड घाटाने मोले. एकूण अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. गटाने जायचे तर गाडी ठरवणे सोयीचे. गाडीला गोव्यात जाण्याचा परवाना आणि कर भरलेला आहे का, हे मालकाला निघण्याआधी विचारा, सीमेवर विचारू नका. संध्याकाळी निघाल्यास पहाटे बेळगाव येते. तेथे तोंड धुऊन, न्याहारी करून, उजाडल्यावरच घाटाला लागावे. रात्रभर गाडी चालवलेल्या चालकाला घाटाआधी तासभर झोपू द्यावे. घाटात रात्री गवे रस्ता ओलांडतात, आणि गवा म्हणजे आपल्या बैलाच्या दुप्पट वजनाचे जनावर आहे.

रेल्वेने जाणाऱ्यांना दुसरा मार्ग आहे. २०१७ साली बीदर–कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून कलबुर्गी गाठणे सोपे झाले. तेथून सोलापूर, मग विजयपुरा, बागलकोट, गदग, हुबळी या मार्गाने लोंढ्याला पोहोचता येते. फेरा मोठा आहे आणि गाड्या बदलाव्या लागतात, पण लोंढा ते कुळे हा घाटातला तुकडा पाहण्यासारखाच आहे. कॅसलरॉकहून खाली कुळेपर्यंत चढ-उताराचे प्रमाण सदतीसास एक आहे. सदतीस पावले गेल्यावर एक पाऊल उंची. त्यामुळे वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन ढकलते. हा मार्ग पोर्तुगीज राजवटीत १८८० च्या दशकात बांधला. गाडी थेट धबधब्यासमोरच्या पुलावरून जाते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हेच उत्तम दर्शन. दगडांवरून चालायला नको, जीपचे हिसके नकोत.

दूधसागर नावाचे छोटे स्थानक मध्ये लागते. तेथे उतरून रुळांवरून धबधब्याकडे चालत जाण्याची टूम तरुणांत आहे. त्याला रेल्वेची मनाई आहे. २०२३ च्या जुलैमध्ये असे गेलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी परत पाठवले. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, हे कारण पुरेसे आहे.

पहिल्या दिवशी धबधब्याची घाई करू नये. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलेले असते. मोलेला मुक्काम आधी ठरवलेला असावा. दुपारी जेवून, थोडे पडून, तांबडी सुर्ल्याला जावे. तेथे कदंब राजांच्या काळातील, बाराव्या-तेराव्या शतकातले महादेवाचे दगडी देऊळ रानात उभे आहे. गोव्यात सगळीकडे चिरा असताना हे देऊळ काळ्या दगडाचे आहे. कोरीवकाम मन लावून पाहण्याजोगे आहे. देवळाजवळून ओढा वाहतो. इतरांच्या पूजास्थानात जातो तसे शांतपणे जावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुळेला पोहोचावे. जीपा तेथून मिळतात आणि रानात त्यांच्याशिवाय इतर वाहन सोडत नाहीत. एका जीपमध्ये सहा-सात माणसे बसतात, तेव्हा गट त्या हिशेबाने पाडून ठेवावेत. म्हातारे माणूस एकटे परक्या जीपमध्ये जाऊ देऊ नये. दर आणि नावनोंदणीची पद्धत अधूनमधून बदलते, म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर चौकशी करावी. शनिवार-रविवारी फार गर्दी होते, कधी दुपारपर्यंत जीपा संपतात. मंगळवार ते गुरुवार हे दिवस बरे. वाट दहा-बारा किलोमीटरची आहे, खाचखळग्यांची, मधे ओढे ओलांडणारी. गर्भवती स्त्रियांनी आणि मणक्याचे दुखणे असलेल्यांनी ही जीप टाळावी. ती दगडावरून उडते तेव्हा धरायला फक्त लोखंडी कांब असते. गाडी थांबल्यावर पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून थोडे चालावे लागते. चपला घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे जोडे घाला.

धबधब्याच्या पायथ्याशी डोह आहे, आणि येथे मला थोडे थांबायचे आहे. आपल्याकडे पोहायला शिकतो ते विहिरीत. मीही तसाच शिकलो, कमरेला सुका भोपळा बांधून. विहिरीचे पाणी उभे असते, काठ दिसतो, पायऱ्या ठाऊक असतात. अशा माणसाला वाटते आपल्याला पोहता येते. धबधब्याखालचे पाणी उभे नसते. वरून पडणारा लोट माणसाला खाली दाबतो, पाण्यात मिसळलेल्या हवेमुळे हातपाय मारूनही अंग वर येत नाही, आणि तळाशी धोंड्यांच्या कपारी असतात. पाणी थंडही असते. जेवून, घामाने भिजून एकदम उडी टाकली तर धट्ट्याकट्ट्या माणसाचाही श्वास अडकतो. एका सहलीत माझ्याच नात्यातला एक तरुण, पाच पुरुष खोल विहिरीचा तळ गाठणारा, असाच घाबरून गेला होता. दोघा जीपवाल्यांनी ओढून काढले. तेव्हा तेथे तरंगण्याचे जाकीट देतात ते घालावे, बंद नीट आवळावेत, आणि काठाजवळच राहावे. मुलांचा हात सोडू नये. ज्याने प्यायली आहे त्याने पाण्याच्या जवळसुद्धा जाऊ नये. गोव्यात दारू स्वस्त म्हणून सहलीत ती हटकून येते, म्हणून लिहितो. रानात तिला बंदी आहे आणि परवान्यावाचून ती सीमेपलीकडे आणणे गुन्हा आहे.

शिदोरी आपल्या घरचीच उत्तम. ज्वारीच्या कडक भाकरी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तीन दिवस टिकते. माकडांना काही देऊ नका, त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. ओढ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी पिऊ नका. मधुमेहाच्या मंडळींनी गोळ्यांबरोबर खडीसाखर खिशात ठेवावी, कारण जीपच्या रांगेत जेवणाची वेळ टळते. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या नव्हे, सहा दिवसांच्या घ्याव्यात. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर जळवा लागतील. जळू मिठाने सुटते. रक्त थोडा वेळ वाहते, पण तिच्याने काही होत नाही. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. अवयव न हलवता माणसाला उचलून न्या आणि १०८ ला फोन लावा. रानात फोन लागत नाही, म्हणून जीपवाल्याला सांगणे जास्त उपयोगाचे. जवळचे मोठे सरकारी रुग्णालय फोंड्याला आहे आणि त्याहून मोठे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज.

आता गोचीड. गोचीड आपल्याला नवी नाही. गाईच्या कानामागची गोचीड आपण रोज काढतो आणि नखाने चिरडतो. म्हणूनच या बाबतीत आपण निष्काळजी असतो. सह्याद्रीच्या रानातल्या काही गोचिडांमध्ये एका तापाचे विषाणू असतात. त्याला माकडताप म्हणतात, कारण आधी रानातली वानरे आणि माकडे मरू लागतात आणि मग माणसे आजारी पडतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याला क्यासनूर रोग असेही नाव आहे. नंतर तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. २०१५ च्या सुमारास मोलेच्या उत्तरेकडील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात तो आढळला. तेथे आजारी पडलेल्यांत काजूच्या बागांत पाला झाडणारे, रानात मोळीला जाणारे पुष्कळ होते, म्हणजे आपल्यासारखेच कष्टकरी.

ज्या गोचिडीने हा ताप येतो ती बहुधा मोठी फुगलेली गोचीड नसते. ती तिचे पिल्लू असते, तिळाहूनही लहान, वाळल्या पाल्यात बसलेले. चावल्याचे कळत नाही. ही पिल्ले थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पाल्यात असतात, आणि जानेवारी ते मार्च हा त्यांचा भर. आता कळेल की पाला हाताने उकरू नका असे का म्हटले. चार दिवसांच्या पाहुण्याला हा ताप येण्याचा संभव थोडा आहे, त्यामुळे घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. पण पथ्य सोपे आहे, ते पाळावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, विजारीचे टोक मोज्यात खोचलेले. बायकांनी लुगड्याखाली मोजे घालावेत, मुलांना चड्डीवर नेऊ नये. पाल्यावर बसू नये, आडवे तर मुळीच होऊ नये, जेवायला सतरंजी अंथरावी आणि ती नंतर झटकावी. अंगाला लावायचे गोचीड-रोधक तेल मिळते. कर्नाटकाच्या मलनाड भागात आरोग्य खाते डेपा नावाचे तेल गावकऱ्यांना वाटते. पूर्वी या तापाची लस देत असत, पण तिचा पुरेसा उपयोग होत नाही असे दिसल्यावर ती बंद झाली. नव्या लशीचे काम चालू आहे. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वनरक्षकाला कळवा.

अंगाला गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चुना, विडीचा चटका यांपैकी काही करू नका. चटका बसला की ती पोटातले आपल्या रक्तात ओकते. चिमट्याने कातडीला लागून धरावी, सरळ वर ओढावी, जागा साबणाने धुवावी. चिरडायची तर नखाने नाही, दगडाने.

येथे एक विषय काढल्याशिवाय राहवत नाही. मोलेला लागून म्हादई अभयारण्य आहे. तेथे गोळावली गावाजवळ २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. मेलेल्या जनावरात विष घातले होते, आणि ज्यांची गुरे वाघाने मारली त्यांच्यावर आळ आला. ही बातमी वाचून शहरातला माणूस हळहळतो आणि गुराख्यावर रागावतो. मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटते. आपल्या शेतात काळवीट उतरतात, रानडुक्कर एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरते. भरपाईचा अर्ज घेऊन किती खेपा घालाव्या लागतात ते आपल्याला ठाऊक आहे. वाघ मारणे चूक, यात शंका नाही. पण गाय गेल्यावर महिनाभरात भरपाई हातात पडली असती, तर विषाची बाटली कोणी काढली असती का, असा प्रश्न तेथे फिरताना मनात येतो. २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ही राने व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करावीत असा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याआधी २०२२ साली याच रानातून लोहमार्ग दुहेरी करण्यास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. जीपचा चालक बोलका असला तर त्याला याबद्दल विचारावे. ज्याची भाकरी रानावर आहे त्याचे म्हणणे वेगळे असते.

वाघ दिसेल अशी आशा ठेवू नका. शेकरू दिसेल, धनेश पक्ष्याच्या पंखांचा घरघर आवाज ऐकू येईल, नशीब असेल तर गवा. शांत राहणाऱ्याला जास्त दिसते. आमच्या गटात गाणी म्हणत जातात, ती गाणी घाटाच्या वर संपवावीत. विडीचे थोटूक रानात टाकू नये. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्याच्या या रानांत कित्येक दिवस वणवे पेटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या गोव्याकडे निघाले तर वाटेत फोंडा लागतो. त्या भागातली कुळागरे शेतकऱ्याने जरूर पाहावीत. वर नारळ आणि सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, खाली केळ, त्याखाली वेलची-हळद, आणि मधून खेळवलेला पाण्याचा पाट. एकाच गुंठ्यात चार मजल्यांचे पीक. काही कुळागरे पाहुण्यांना पैसे घेऊन दाखवतात. पाहून येऊन औरादला मिरी लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, आपली हवा तिला सोसत नाही. आपले मजले म्हणजे सोयाबीनमध्ये तूर. उंच पिकाखाली ठेंगणे पीक आणि उघडी जमीन नाही, एवढे तत्त्व सारखेच आहे. रोपे, माती, बी रानातून उचलून आणू नये, तो गुन्हा आहे.

तिसरा दिवस जुन्या गोव्याचा. त्याबद्दल येथे लिहीत नाही, ते सर्वांना माहीत आहे. रात्री निघून चौथ्या दिवशी घर.

घरी आल्यावर कपडे गाठोड्यात तसेच न ठेवता त्याच दिवशी कढत पाण्यात भिजवावेत, साबण लावून आंघोळ करावी, आणि मुलांच्या कानामागे, काखेत, केसांच्या कडेला बोट फिरवून पाहावे. नंतरचे दोन आठवडे ध्यान ठेवावे. माकडतापाची लक्षणे साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात. एकाएकी जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठणकणे, उलट्या, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. कधी ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो. बहुतेक रोगी बरे होतात, पण शंभरात तीन-पाच दगावतात. त्यावर खास औषध नाही. वेळेवर रुग्णालयात राहून सलाईन आणि देखरेख हाच उपाय. हा ताप एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा रोग्याला वाळीत टाकू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्या बीदर जिल्ह्यात हा ताप नाही. डॉक्टर तुमचा ताप पाहून हिवताप किंवा डेंग्यू समजेल, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याने विचारण्याची वाट न पाहता तुम्हीच सांगा की आम्ही अमुक तारखेला सह्याद्रीच्या रानात गेलो होतो. जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा एका कागदावर लिहून तो घरातल्या औषधांच्या डब्यात ठेवा, म्हणजे तापात बडबडणाऱ्या माणसाऐवजी घरचे कोणीही तो दाखवू शकेल. कपडे भिजत घालून झाले की तुरीत एक फेरी मारा, आणि शेंड्यांवर अळी दिसते का ते पाहा.